नवी दुर्बीण घेतांना

संसारांतील पुष्कळशा वस्तु अशा असतात कीं, त्या मोडल्या म्हणजे आपण दुसऱ्या आणतों आणि पहिल्यांची आठवणहि ठेवीत नाहीं. दुर्बिणीचें तसें नसतें. ती रोज लागत नाहीं, पण जेव्हां लागते तेव्हां घरांतील सारीं माणसें तिच्याभोंवतीं गोळा होतात. पावसाळा सरतो, माळरानें कोरडीं पडूं लागतात, सुट्ट्यांचे बेत ठरतात. आणि नेमक्या त्याच वेळीं कपाटांतून काढलेली जुनी दुर्बीण दगा देते. मग ‘नवी घ्यावी, पण कोणती?’ असा प्रश्न उभा राहतो. आमच्या घरीं तो नुकताच उभा राहिला होता. तेव्हां आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील वाचकांस उपयोग होईल अशा बेतानें त्याविषयीं चार शब्द लिहितों.

प्रथम जुनीचा निकाल लावावा. आमची जुनी दुर्बीण लष्करी बनावटीची, ६×३० मापाची. दोन्ही डोळ्यांची जुळणी निरनिराळी करावयाची आणि एका नळींत अंतर मोजण्याच्या बारीक रेघा. इटलींतील इग्नाझिओ पोरो यानें १८५४ सालीं लोलकांच्या योगें उलटी प्रतिमा सुलटी करण्याची युक्ति काढली आणि १८९४ सालीं जर्मनींतील झाइस कारखान्यानें तसल्या दुर्बिणी विक्रीस आणल्या. आजहि बहुतेक दुर्बिणींचें मर्म या लोलकांतच आहे. धक्का लागून ते किंचित् ढळले तरी दोन डोळ्यांस दोन चित्रें दिसतात आणि थोड्याच वेळांत कपाळ दुखूं लागतें. तसेंच, दमट हवेंत कांचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते. बुरशी नुकतीच धरली असेल तर जाणता कारागीर ती पुसून देतो. कांचेवरील लेप खाल्ला गेला असेल तर मात्र इलाज नाहीं. दुरुस्तीचा खर्च विचारल्यावांचून नवीच्या मागें लागूं नये, एवढेंच आमचें सांगणें. आमच्या दुर्बिणीचे दोन्ही रोग हाताबाहेर गेलेले होते.

आतां नवीविषयीं. दुकानांत गेल्यावर बहुतेक मंडळींचा पहिला प्रश्न ‘किती पट मोठें दिसतें?’ हा असतो, आणि विक्रेताहि वीस पट, तीस पट असे आंकडे उत्साहानें सांगतो. वास्तविक, चित्र जितके पट मोठें, तितकीच पट हाताची थरथरहि मोठी. हातीं धरून पाहण्यास आठ पट पुष्कळ झाली. दहा पट ही बहुतेकांची मर्यादा. ८×४२ यांतील दुसरा आंकडा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्यें सांगतो. बेचाळिसास आठांनीं भागिलें असतां सव्वापांच येतात; तेवढ्या रुंदीचा प्रकाशझोत आपल्या बुबुळाशीं येऊन पोंचतो. तरुण माणसाची बाहुली अंधारांत सुमारें सात मिलिमीटर उघडते, साठीनंतर ती पांच किंवा त्याहूनहि कमी उघडते. म्हणून ७×५० ची जड दुर्बीण वडील मंडळींच्या गळ्यांत घालणें म्हणजे त्यांस निव्वळ भार देणें होय. उलट खिशांत मावणाऱ्या १०×२५ चा झोत अडीच मिलिमीटरचाच. भर दुपारीं ती चालते, सांज झाली कीं तिच्यांतून कांहींच धड दिसत नाहीं.

चष्मा लावणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट पाहावी. डोळा नेत्रभिंगापासून किती दूर ठेवला तरी संपूर्ण वर्तुळ दिसतें, हें अंतर निदान पंधरा मिलिमीटर असावें. नाहीं तर चष्मेवाल्यास वर्तुळाचा मधला तुकडाच दिसतो. ज्या घरीं आजोबांपासून नातवापर्यंत चष्मे आहेत, तेथें इतर कोणत्याहि गुणापेक्षां हा गुण आधीं विचारावा.

दुकानांतील परीक्षा सोपी आहे. दुर्बीण हातभर दूर धरून उजेडाकडे करावी. नेत्रभिंगांत दिसणारे प्रकाशाचे ठिपके पूर्ण वाटोळे असावेत. त्यांच्या कडा चौकोनी व करड्या दिसल्या तर आंतील लोलकांची कांच हलक्या प्रतीची समजावी. पुढील भिंगांत दिव्याचें प्रतिबिंब मंद, हिरवट किंवा जांभळट दिसावें. पांढरें लख्ख दिसलें तर भिंगावर लेप नाहीं. नंतर रस्त्यापलीकडील पाटी पाहावी. उजवा डोळा झांकून मधल्या चाकानें डाव्या डोळ्याची जुळणी करावी. मग डावा झांकून उजव्या नेत्रभिंगाच्या कड्यानें उजव्याची. पांच मिनिटें पाहूनहि डोळे शिणले नाहींत तरच मोल विचारावें. किंमती कांहीं हजारांपासून दोन लाखांच्याहि वर जातात. घरगुती उपयोगास मधल्या पायरीच्याहि खालची पुरते. मात्र नळ्यांत नायट्रोजन भरून बंद केलेली, जिच्या आंत ओल शिरत नाहीं अशी घेण्यासाठीं थोडे अधिक पैसे पडले तरी ते द्यावेत.

हें सांगण्याचें कारण आपल्या जिल्ह्याची भूमि. ती एकसारखी नाहीं. पश्चिमेस अकोले तालुक्यांत १६४६ मीटर उंचीचें कळसूबाई आणि हरिश्चंद्रगडाचें रान. तेथें धुकें, पाऊस आणि दाट सावली. पक्षी जवळ, पण पानांआड. त्या ठिकाणीं रुंद दृश्य दाखविणारी, ओल न शिरणारी दुर्बीण हवी. पूर्वेस शेवगांव-नेवाशाकडे जायकवाडीचा नाथसागर. हिंवाळ्यांत तेथें येणारे रोहित व चक्रवाक पाण्यावर फार दूर असतात. तेथें दहा पट उपयोगी पडते, पण काठीचा किंवा तिकाटण्याचा आधार घेऊन. दक्षिणेस कर्जतचें माळरान. तेथील रेहेकुरीचें काळवीट अभयारण्य १९८० सालचें, विस्तार अवघा सव्वादोन चौरस किलोमीटर. दुपारीं तेथील तापलेली हवा थरथरते. अशा वेळीं दुर्बिणीची शक्ति वाढविली तर ती थरथरच मोठी दिसते, काळवीट नव्हे. सकाळीं लवकर जावें हाच उपाय. तिन्ही ठिकाणीं जी बऱ्यापैकीं चालेल अशी एकच घ्यावयाची तर ८×४२ घ्यावी. आम्हीं तीच घेतली.

परंतु या खरेदींत एक गोष्ट आमच्या मनास लागून राहिली आहे. जुन्या दुर्बिणींतून आमच्या वडीलधाऱ्यांनीं कर्जतच्या माळावर माळढोक पाहिला होता. नवीचीं भिंगें शतपट चांगलीं, परंतु तिच्यांतून तो दिसण्याची आशा आम्हांस नाहीं. त्याच्यासाठीं १९७९ सालीं सोलापूर व नगर या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारें साडेआठ हजार चौरस किलोमीटरचें अभयारण्य जाहीर झालें. पुढें तें आटून सुमारें बाराशेंवर आलें. २०११ पासून हा पक्षी जगांतील अत्यंत संकटग्रस्त पक्ष्यांत गणला जातो. आज रानांत दीडशेंच्या आसपास उरले असावेत, तेहि बहुतेक राजस्थानांत. महाराष्ट्रांत एखाददुसरा दिसला तरी ती बातमी होते.

याचीं कारणें गूढ नाहींत. शिकार झाली, गवताळ माळ नांगराखालीं गेले. मादी बहुधा एकच अंडें घालते, तेंहि उघड्या जमिनीवर. त्यांत विजेच्या तारांची भर पडली. या कुळांतील पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असतात. बाजूचें त्यांस पुष्कळ दिसतें, समोरचें मात्र थोडें. त्यांत शरीर जड. समोरची तार दिसेपर्यंत वळण्यास वेळ उरत नाहीं. २०१९ पासून जैसलमेरजवळ त्यांची पैदास हाताखालीं करण्याचा प्रयत्न चालू आहे आणि त्यास यशहि येत आहे. तथापि, पिलें वाढलीं तरी त्यांस सोडावयास माळ हवा. आपल्याकडे मोकळ्या माळास ‘पडीक’ म्हणण्याची रीत आहे. त्या एका शब्दानें त्याचें जितकें नुकसान झालें तितकें दुष्काळानेंहि झालें नसेल.

दुर्बीण घेतांना आपण ‘किती लांबचें दिसेल?’ म्हणून विचारतों. जें दिसतें तें आणखी किती वर्षें दिसेल, हें कोणी विचारीत नाहीं. काळवीट आज आहे, खाटीक आहे, धाविक आहे, चंडोल आहे. तेव्हां नवी दुर्बीण कपाटाची शोभा होऊं देऊं नये. मुलांस घेऊन हिंवाळ्यांतील एका सकाळीं माळावर जावें, वाटेवरूनच शांतपणें पाहावें, जवळ जाण्याचा हव्यास धरूं नये. काय पाहिलें, कोठें, कोणत्या दिवशीं, हें मुलांकडून एका वहींत लिहवून घ्यावें. माळढोक पाहणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांनीं तशी वही ठेविली असती, तर तो कोणत्या वर्षीं दिसेनासा झाला हें तरी आज आम्हांस सांगतां आलें असतें.