वीरा साथीदार फक्त ‘कोर्ट’फेम नव्हते

१३ एप्रिल २०२१. भीमजयंतीच्या आदल्या दिवशी नागपुरात कोरोनाने वीरा साथीदार आपल्यातून गेले. बातम्या आल्या, ‘कोर्ट’फेम अभिनेत्याचे निधन. यात खोटे काही नाही. पण ‘विद्रोही’ मासिकाचा संपादक, कवी, चळवळीचा पूर्णवेळ माणूस या एका शब्दात झाकला गेला.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ ला व्हेनिसच्या महोत्सवात गाजला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला आणि भारतातर्फे ऑस्करसाठी गेला. त्यातले लोकशाहीर नारायण कांबळे म्हणजे वीरादादा. आरोप काय, तर त्यांचे गाणे ऐकून एका गटार कामगाराने आत्महत्या केली. शाहीर ना आवाज चढवतो, ना रडतो. विचारले तेवढेच उत्तर देतो. पोलीस, कोर्ट, तारखा आयुष्यभर जवळून पाहिलेल्या कार्यकर्त्याचे ते शांतपण आहे. ते अभिनयाच्या क्लासमध्ये मिळत नाही.

कामगाराच्या बायकोची साक्ष आठवा. ती भूमिका करणाऱ्या उषा बाने यांचा नवराही खरोखर गटार कामगार होता. साक्षीत कळते की त्याला ना मास्क, ना कसली साधने. झुरळ दिसले तर आत हवा आहे असे समजून तो उतरायचा. म्हणजे माणूस मारला व्यवस्थेने आणि पिंजऱ्यात उभा केला शाहीर!

काही मित्र म्हणतात, एका सिनेमाच्या जोरावर एवढे मोठेपण कशाला? आम्ही म्हणतो, मोजमापच चुकते आहे. आपली कला आधी सिनेमात नव्हती, जलशात होती. आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे, नांदेडचे गौतम वाघमारे या नामांतर शहिदांची नावे आमच्या पिढीला पाठ्यपुस्तकाने नाही दिली, वस्तीतल्या गायकांनी दिली. वीरादादा याच परंपरेचे. सिनेमा त्यांच्याकडे आला, ते सिनेमाकडे गेले नाहीत.

आणि आज आपण काय करतो? नांदेड असो की लातूर, जयंतीची वर्गणी डीजेवर जाते. नाचायला आमचा विरोध नाही, जयंती आनंदाचा दिवस आहे. पण त्या आवाजात शाहिराचा आवाज ऐकू येत नसेल, तर गाण्यावर बंदी घालायला सरकारची गरजच काय?

हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा. गटारातील मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ ला दहा लाख आणि २०२३ ला किमान तीस लाख ठरवली. आपल्या वस्तीत किती जणांना हे माहीत आहे? म्हणून आमचे सांगणे साधे आहे. दरवर्षी १३ एप्रिलच्या संध्याकाळी विहारात ‘कोर्ट’ दाखवा. सिनेमा संपला की सफाई कामगार बंधू-भगिनींना बोलू द्या. साधने मिळतात का, कंत्राटदार कोण, पगार किती, हे लिहून घ्या आणि महापालिकेला निवेदन द्या.

वीरादादांना हार घालायला फोटो लागेल. त्यांचे काम पुढे न्यायला आपण लागतो.

जयभीम!