वस्तादाचा हात

आमच्या नवव्या इयत्तेंतील एका विद्यार्थ्यानें गेल्या सत्रांत मला भर वर्गांत विचारिलें, "सर, लाथ मारणें ही देखील विद्या होऊं शकते काय?" वर्ग हंसला. प्रश्नही बहुधा हंसविण्यासाठींच होता. परंतु पुढें एके दिवशीं त्याच मुलाच्या वडिलांनीं मला वाटेंत गांठून, मुलास शहरांतील मुष्टियुद्धाच्या तालमींत घालावें कीं न घालावें, असा सल्ला विचारिला, तेव्हां त्या प्रश्नाचा नीट विचार करणें मला भाग पडलें. माझें मत सांगण्यापूर्वीं एका थाई मल्लाची हकीकत सांगतों.

थायलंड, म्हणजे पूर्वीचा सयाम देश. तेथील राष्ट्रीय मर्दानी खेळास 'मुए थाई' म्हणतात. दोन मुठी, दोन कोपर, दोन गुडघे व दोन पाय अशीं आठ शस्त्रें त्यांत चालतात. मोठ्या सामन्यांत तीन तीन मिनिटांच्या पांच फेऱ्या होतात व सर्व वेळ वाद्यें वाजत असतात. खेळ कठोर आहे, हें झांकण्यांत अर्थ नाहीं. पण सामना सुरू होण्यापूर्वीं मल्ल काय करतो, तें पाहण्यासारखें आहे. त्याच्या मस्तकावर एक शिरोबंध असतो. त्याचें नांव 'मोंगखोन', म्हणजे आपला 'मंगल' हाच शब्द. तो धारण करून मल्ल गुडघे टेकतो आणि 'वाय ख्रू' करतो, म्हणजे गुरूस वंदन करतो. 'ख्रू' हा आपला गुरूच. वंदन झाल्यावर वस्ताद स्वतःच्या हातानें तो शिरोबंध उतरवितो, आणि मगच लढत जुंपते. पुष्कळ मल्ल आपल्या तालमीचें नांव आडनांवासारखें लावितात. 'सितयोदथोंग' म्हणजे योदथोंगचा शिष्य. 'सित' हें 'शिष्य' शब्दाचेंच रूप आहे. संस्कृतच्या तासास जांभया देणाऱ्या आमच्या मुलांनीं एवढें तरी लक्षांत ठेवावें!

हा योदथोंग सेनानन पट्टाया येथें तालीम चालवीत असे. तो 2013 सालीं निवर्तला. त्याच्या हाताखालीं जे अनेक विजेते तयार झाले, त्यांत सामार्त पयाकअरुण याचें नांव अग्रभागीं येतें. 'सामार्त' म्हणजे समर्थ; आडनांवांत व्याघ्र आणि अरुण दडलेले आहेत. हा 1962 सालीं चाचेंगसाओ प्रांतांत जन्मला. थोरला भाऊ कोंगथोरानी हाही नामांकित मल्ल. बँकॉकमधील लुंपिनी क्रीडागृहाचें नांव भगवान बुद्धाच्या जन्मस्थानावरून पडलें आहे. तेथें सामार्तनें चार निरनिराळ्या वजनगटांत अजिंक्यपद मिळविलें. त्याचें बळ मुठींत होतें त्याहून अधिक डोळ्यांत होतें. प्रतिस्पर्ध्याचा घाव येण्यापूर्वींच तो किंचित् मागें झुके, आणि पुढें येणाऱ्यास पायाच्या नुसत्या रेट्यानें दूर लोटी. तथापि 1982 सालीं दीझेलनोय नांवाच्या, त्याच्याहून बऱ्याच उंच अशा मल्लाच्या गुडघ्यांपुढें त्याचें कांहीं चाललें नाहीं. नंतर तो नुसत्या मुठींच्या लढतीकडे वळला. 1986 च्या जानेवारींत मेक्सिकोच्या लूपे पिंटोर यास पांचव्या फेरींत पाडून त्यानें जागतिक अजिंक्यपद मिळविलें. पुढच्याच वर्षीं सिडनी शहरांत जेफ फेनेक यानें त्यास चौथ्या फेरींत पाडिलें. 1988 मध्यें तो पुन्हा मुए थाईच्या आखाड्यांत उतरून जिंकला. त्यापुढें त्यानें गाणीं म्हटलीं, चित्रपटांत कामें केलीं, आणि शेवटीं बँकॉकमध्यें स्वतःची तालीम काढून तो वस्ताद झाला.

मला या चरित्रांतील हा शेवटचा भाग सर्वांत मोठा वाटतो. वस्तादाचें काम पाहिलें म्हणजे त्याचें कारण कळेल. दोन्ही हातांस चामड्याच्या जाड गाद्या बांधून तो शिष्यापुढें उभा राहतो, आणि शिष्याच्या शेंकडों लाथा त्या गाद्यांवर झेलतो. लाथ पडण्याच्या क्षणीं गादी किती पुढें करावी, केव्हां मागें घ्यावी, यांत सारें शिक्षण असतें. टाळ्या मात्र शिष्यास.

परंतु या चित्रास दुसरी बाजू आहे, आणि पालकांस ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ईशान्य थायलंडांतील गरीब घरचीं मुलें सात-आठ वर्षांचीं असतांना पैशासाठीं आखाड्यांत उतरतात. कायदा 1999 चा आहे. त्याप्रमाणें पंधरा वर्षांखालील मुलास आईबापांची संमति असली म्हणजे पुरे. 2018 च्या नोव्हेंबरांत बँकॉकजवळ समुत प्राकान प्रांतांत एक तेरा वर्षांचा मुलगा सामन्यांत डोक्यावर घाव बसून पडला, आणि मेंदूंत रक्तस्राव होऊन दोन दिवसांनीं वारला. आठव्या वर्षापासून तो लढत होता. सुमारें 170 सामने खेळला होता. डोक्यास संरक्षक टोप नव्हता. बारा वर्षांखालील मुलांच्या लढती बंद कराव्या असा मसुदा त्याच सुमारास पुढें आला, तेव्हां तालीमवाल्यांनींच त्यास विरोध केला. लहानपणीं सुरुवात न केल्यास विजेते होणार नाहींत व गरीब घरांची मिळकत बुडेल, असें त्यांचें म्हणणें. तें सर्वस्वीं खोटें नाहीं, आणि म्हणूनच तें भयंकर आहे. मुलास जेवूं घालणारा हात आणि मुलाच्या कमाईंतून वांटा घेणारा हात एकच असला, तर 'आज तूं लढूं नकोस' असें कोणीं म्हणावयाचें?

थाई लोकांस नांवें ठेवण्याचा मला अधिकार नाहीं. कित्येक वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका शाळेंत असतांना, अंगांत ताप असलेल्या मुलास मीं धांवण्याच्या शर्यतीस उभें केलें होतें. चषक आमच्याकडे राहावा, एवढाच त्यांत हेतु होता. चषक राहिला, मुलगा तीन आठवडे अंथरुणावर होता. त्याची आई मला एक शब्दही बोलली नाहीं.

तर त्या वडिलांस मीं सांगितलें तें असें: लाथ मारणें ही विद्या आहे, ती आपल्या मुलास अवश्य शिकूं द्या. सोळा वर्षांचा होईपर्यंत डोक्यावर घाव घेण्याच्या लढतींत मात्र त्यास उतरवूं नका. आणि नांव घालण्यापूर्वीं एक संध्याकाळ तालमींत जाऊन कोपऱ्यांत बसा. भिंतीवरील पदकें पाहूं नका. दमलेल्या मुलास वस्ताद काय सांगतो, तेवढें ऐका. ते येत्या शनिवारीं जाणार आहेत.