पाळणा थांबला, पण ऑपरेशन बाईच्याच वाट्याला का?

दरवर्षी ११ जुलैला जागतिक लोकसंख्या दिन येतो. उपकेंद्राच्या भिंतीवर पोस्टर लागतं, आशाताई घरोघर फिरतात. त्या निमित्ताने थोडा हिशेब मांडू.

१९५२ साली देशपातळीवर कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू करणारा भारत जगातला पहिला देश. तेव्हा एका बाईला सरासरी सहाच्या आसपास मुलं व्हायची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा आकडा २.० वर आला, महाराष्ट्रात तर १.७. म्हणजे "लोकसंख्या आवरा" ही लढाई आपण बऱ्यापैकी जिंकलीय.

पण जिंकली कुणाच्या जिवावर? त्याच सर्वेक्षणात १०० विवाहित महिलांमागे जवळपास ३८ जणींची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदी मात्र १,००० जोडप्यांत तीन! कुटुंब नियोजन हे बायकांचंच काम, असं म्हणणारे पुरुष ३५ टक्के निघाले.

याचं एक मूळ आणीबाणीत आहे. १९७६-७७ मध्ये सक्तीने पुरुषांच्या नसबंद्या झाल्या. ती धास्ती बसली आणि पुढे सगळा भार बायकांवर गेला. शिबिरात घाईघाईने ऑपरेशनं उरकली गेली. २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूरला अशा शिबिरानंतर १३ महिला दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत शिबिरं बंद करा, असं सांगितलं.

खरं तर पुरुषाचं ऑपरेशन सोपं. टाका नाही, पोट उघडायचं नाही, जागेपुरती भूल. दोन दिवसांनी साधी कामं, आठवड्याने जड कामं करता येतात. "ताकद जाते, नांगर धरवत नाही" ही निव्वळ अफवा. फक्त पहिले तीन महिने निरोध वापरायचा आणि नंतर तपासणी करून घ्यायची.

दुसरा प्रश्न, दोन मुलांतल्या अंतराचा. आपल्याकडे लवकर लग्न, लागोपाठ दोन बाळंतपणं आणि मग थेट ऑपरेशन, अशी रीत पडलीय. त्यात बाईच्या अंगातलं रक्त भरायला वेळच मिळत नाही. तांबी, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, छाया गोळी ही साधनं सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. कोणतं चालेल ते डॉक्टर, नर्सताईंना विचारून ठरवा.

तिसरं अपत्य असेल तर ग्रामपंचायत लढवता येत नाही, हा नियम गावातल्या प्रत्येक पुरुषाला तोंडपाठ आहे. आरोग्य केंद्रात बायकोसोबत जाऊन डॉक्टरांसमोर बसायला मात्र तोच पुरुष लाजतो. ही लाज सोडली, तर पुढचं काम सोपं आहे.