प्रमाणपत्राच्या पलीकडे

मीरा-भाईंदरच्या हद्दीत, उत्तनच्या केशवसृष्टीत रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीचे केंद्र आहे. १९८२ साली स्थापन झालेल्या या संस्थेने कार्यकर्त्याच्या प्रशिक्षणाला शास्त्रीय बैठक दिली. शिबिरातून परतलेल्या कार्यकर्त्याच्या स्मरणात व्याख्यानापेक्षा गटचर्चा अधिक काळ राहते, हा संघटनेचा जुना अनुभव आहे. हाच अनुभव आज शिक्षकांच्या प्रशिक्षणाला लावून पाहण्याची वेळ आली आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाला दरवर्षी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची संधी मिळावी, अशी अपेक्षा व्यक्त केली. त्याआधी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सुमारे ४२ लाख प्राथमिक शिक्षकांना डोळ्यांसमोर ठेवून 'निष्ठा' उपक्रम सुरू झाला. महामारीच्या काळात, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये, तो १८ घटकांच्या रूपाने 'दीक्षा' या संकेतस्थळावर आला. एवढ्या मोठ्या देशात इतक्या शिक्षकांपर्यंत एकाच वेळी पोहोचणे ही सामान्य गोष्ट नव्हे. या प्रयत्नाचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु पोहोचणे म्हणजे रुजणे नव्हे. दिवसभर वर्ग, त्यावर निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे उरकून घरी आलेला शिक्षक रात्री भ्रमणध्वनीवर चित्रफीत सुरू करून ठेवतो, चाचणीची उत्तरे सहकाऱ्याकडून मिळवतो आणि प्रमाणपत्र उतरवून घेतो. दोष केवळ त्याचा आहे काय? अभ्यासक्रमच जर एकतर्फी बोलत असेल, तर ऐकणाऱ्याने मन कुठे गुंतवावे?

याचे उत्तर मीरा-भाईंदरपासून फार दूर नाही. पवईच्या आयआयटी मुंबईतील सहना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवणारी अभ्यासक्रमाची रचना मांडली व ती अध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी वापरली. तिचे सूत्र साधे आहे. चित्रफीत छोटी असावी आणि मध्येच थांबून तिने प्रश्न विचारावा. लगेच कृती करायला लावावी, आणि चूक झाल्यास ती का झाली हे सांगावे. ज्याची तयारी अधिक आहे त्याला पुढचे वाचन मिळावे, ज्याची कमी आहे त्याला मागचे. चर्चा मोकाट न सोडता नेमक्या प्रश्नाभोवती गुंफावी. भारतीय परंपरेतील गुरू-शिष्य संवादाला हे परके नाही. उपनिषदांतील ज्ञानही प्रश्नोत्तरांतूनच उलगडते.

मीरा-भाईंदर महानगरपालिकेची स्थापना २००२ ची. तिच्या शाळा मराठी, हिंदी, गुजराती व उर्दू माध्यमांच्या आहेत. २०११ च्या जनगणनेतच आठ लाख ओलांडलेल्या या शहरात ठिकठिकाणांहून आलेली कष्टकऱ्यांची मुले या वर्गांत बसतात. घरची भाषा एक व शाळेची दुसरी, अशा मुलाला वाचायला कसे शिकवावे, हा तेथील शिक्षकाचा रोजचा प्रश्न आहे. दिल्लीत वा पुण्यात तयार झालेला कोणताही अभ्यासक्रम त्याचे पूर्ण उत्तर देणार नाही. तो दिशा देईल. ती वर्गात उतरवण्यासाठी शिक्षकांना एकत्र बसावे लागेल.

केंद्रपातळीवर होणाऱ्या शिक्षण परिषदा यासाठी आयत्या उपलब्ध आहेत. परिपत्रके वाचून दाखवण्याऐवजी तेथे एकच विचारले जावे : या महिन्यात जे शिकलात, त्यातले वर्गात काय करून पाहिले आणि काय फसले? फसलेलेही निर्भयपणे सांगता आले, तरच प्रशिक्षण खरे. आणि प्रमाणपत्रांची संख्या मोजणाऱ्या अधिकाऱ्यांनी मुलांचे वाचन मोजावे.

समाजानेही केवळ टीकाकार राहू नये. निवृत्त शिक्षक, सुशिक्षित गृहिणी आणि कार्यकर्ते यांनी जवळच्या पालिका शाळेत आठवड्यातून एक तास जरी वाचनाला दिला, तरी नवे काही करून पाहू इच्छिणाऱ्या शिक्षकाचे हात बळकट होतील. यंत्र ज्ञान घरोघरी पोहोचवील, मात्र त्यात प्राण ओतण्याचे काम माणसांनाच करावे लागेल. राष्ट्रनिर्माणाचा पाया अखेर पहिलीच्या वर्गातच घातला जातो.