तलवार उट्रेडची, गणित आल्फ्रेडचं

बर्नार्ड कॉर्नवेलचं 'द लास्ट किंगडम' (२००४) हातात पडलं की सबमिशन गेलं खड्ड्यात! सॅक्सन घरात जन्मलेला, डेन लोकांनी वाढवलेला उट्रेड म्हातारपणी आपली हकिगत सांगतो. २०२० पर्यंत या मालिकेची तेरा पुस्तकं झाली. लढाया अशा की वाचताना आपलेच खांदे आखडतात. ढालीला ढाल भिडवून उभं राहायचं, समोरच्याच्या तोंडाचा दर्प येईल इतक्या जवळ. त्याआधी दारू, कारण शुद्धीत तिथे उभं राहणं सोपं नाही. (आणि हो, शिंगवाली शिरस्त्राणं विसरा. ती १८७६ मध्ये वाग्नरच्या ऑपेराच्या वेशभूषेतून लोकांच्या डोक्यात बसली. नॉर्वेत १९४३ साली सापडलेल्या खऱ्या व्हायकिंग शिरस्त्राणाला शिंगं नाहीत.)

तरी माझी एक तक्रार आहे. ८७८ मध्ये डेव्हनच्या लोकांनी डेन लोकांना हरवलं. त्यांचा सरदार ओड्डा. कादंबरीत हा पराक्रम उट्रेडच्या खात्यात जमा! कॉर्नवेल निदान पुस्तकाच्या शेवटी टीप देऊन आपण काय बदललं ते सांगतो. आपल्याकडे 'स्वामी'तले संवाद माधवराव-रमाबाई खरंच बोलले होते, असं छातीठोकपणे सांगणारे मला भेटलेत. पण शेवटची टीप वाचतो कोण? आपण तर तलवार म्यान झाली की पुस्तक मिटतो.

आणि खरी गंमत तलवारीनंतरच सुरू होते. ८७८ मध्येच एडिंग्टनला गुथ्रमला हरवल्यावर, सतत पोटदुखीने बेजार असलेल्या आल्फ्रेड राजाने वेसेक्समध्ये तटबंदीच्या गावांचं जाळं विणायला घेतलं. यांना म्हणायचे बुर्ह. कादंबऱ्यांत ते येतात, पण लढाईची जागा म्हणून. त्याच्या मुलाच्या काळातली तीसेक बुर्हांची एक यादी उपलब्ध आहे. तिच्यातला हिशोब असा: एका हाइड जमिनीमागे (म्हणजे ढोबळमानाने एका कुटुंबाच्या जमिनीमागे) एक माणूस, आणि भिंतीच्या दर पोलला, म्हणजे साडेसोळा फुटांना, चार माणसं. विंचेस्टरच्या नावावर २४०० हाइड. आता करा भागाकार. ६०० पोल, म्हणजे ९९०० फूट. तिथल्या जुन्या रोमन भिंतीची लांबी भरते सुमारे ९९५४ फूट! अकराशे वर्षांपूर्वीच्या हिशोबात एक टक्क्याचीही चूक नाही. आमच्या सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला याहून मोठी एरर येते, आणि तीही थिओडोलाइट लावून.

मला वाटतं, वीरकथांनी आपल्याला एक वाईट सवय लावलीय. राज्य वाचतं ते एका बेडर माणसामुळे, असं आपण धरूनच चालतो. वेसेक्स वाचलं ते कुणीतरी भिंत मोजली, माणसं मोजली आणि ती माणसं नांगर सोडून खरोखर तिथे येऊन उभी राहिली म्हणून. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम चार फूट भिंत, थंडीची रात्र, आणि बहुतेक रात्री शत्रू येतच नाही.

त्या २४०० मधल्या एखाद्यावर कादंबरी आली, तर मी सबमिशन पुन्हा बुडवायला तयार आहे.