दुआही हवी, दवाही हवी, आणि हक्कही

माझ्यासारख्या आयटीवाल्याला कंपनीच्या विम्यासोबत समुपदेशकाचा नंबर मिळतो. मुंब्रा, गोवंडी किंवा तळोज्यात पार्सल पोचवणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाला तो कोण देणार? त्याची झोप उडाली, छातीत धडधडू लागलं, की घरचे म्हणतात नजर लागली. बाहेरचे म्हणतात, 'हे लोक डॉक्टरकडे जातच नाहीत, दर्ग्यावर जातात.' दोघांचीही जबाबदारी तिथेच संपते.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार मानसिक आजार असलेल्या दर १०० प्रौढांपैकी ८० हून अधिक जणांपर्यंत उपचार पोचत नाहीत. हे साऱ्या देशाचं दुखणं आहे. पण आपल्या मुलांच्या वाट्याला त्यावर आणखी एक ओझं येतं. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली असंख्य कुटुंबं जीव मुठीत धरून मुंब्र्याला आली. त्यांची मुलं-नातवंडं आज घर भाड्याने मागतात, तेव्हा नाव ऐकून फोन ठेवला जातो. ही घुसमट सांगितल्यावर समुपदेशकच म्हणाला, 'तुम्ही फार विचार करता,' तर तो मुलगा पुन्हा त्या दाराशी जाईल का?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम १८ स्पष्ट सांगतं: सरकारी किंवा सरकारी निधीवर चालणारी सेवा धर्म, जात, वर्ग असा भेद न करता मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं. आपल्या कॉलेजात तो आहे का, हे प्राचार्यांना लेखी विचारा. पालिकेच्या आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस तरी समुपदेशक बसावा, असं निवेदन नगरसेवकाला द्या.

आणि थोडं घरातही बघू. दहाव्या शतकात अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. मनाचा इलाज करून घेणं म्हणजे ईमान कच्चं, हे मग आपल्याला कुणी शिकवलं?

टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठी आणि हिंदीतही बोलता येतं. तो मशिदीच्या फलकावर नमाजाच्या वेळांखाली लिहायला खडूचा एक तुकडा पुरतो. येत्या जुम्म्याआधी ट्रस्टींशी बोला.