अंगठा २५ टक्के

२००९ मध्ये कॉस्टा कॉफीने आपले कॉफी चाखणारे तज्ज्ञ जेनारो पेलिचा यांच्या जिभेचा एक कोटी पौंडांचा विमा लॉइड्समध्ये उतरवला आणि ती बातमी जगभर छापून आली. चाळीसच्या दशकात अभिनेत्री बेटी ग्रेबलच्या पायांच्या दहा लाख डॉलरच्या पॉलिसीची अशीच चर्चा झाली होती. ग्राहकापुढे विषय काढायला आपल्यापैकी अनेकजण हे किस्से सांगतात. त्याला हरकत नाही. पण किस्सा संपताच आपण प्रीमियमवर येतो आणि त्यातले शिकण्यासारखे तसेच राहून जाते.

ग्रेबलचा विमा तिच्या स्टुडिओने उतरवला होता, पेलिचांचा त्यांच्या कंपनीने. प्रसिद्धीचा हेतू होताच. तरी विमेय हितही खरे होते, कारण तो अवयव निकामी झाला तर पैसा त्यांचा बुडणार होता. त्याहून बोलके उदाहरण मूकपटांतला विनोदी नट बेन टर्पिन याचे. त्याचे तिरळे डोळे सरळ झाले तर भरपाई, अशी त्याची पॉलिसी होती. दुसऱ्या कुणी जो दोष घालवण्यासाठी डॉक्टर गाठला असता, त्यावर याचे पोट होते. लॉइड्स ही एक कंपनी नाही, अंडररायटरांच्या सिंडिकेटांचा तो बाजार आहे. तिथे एकेका माणसाची जोखीम समोर ठेवून अटी लिहिता येतात. आपल्या हाती मात्र छापील तक्ता असतो.

तो तक्ता पुन्हा एकदा काढून वाचावा. वैयक्तिक अपघात विम्याच्या नेहमीच्या तक्त्यात एक हात किंवा एक डोळा गेला तर विमा रकमेच्या ५० टक्के, अंगठ्याची दोन्ही पेरे गेली तर २५, तर्जनी १०, करंगळी ४. म्हणजे दहा लाखांच्या पॉलिसीत तर्जनीचे एक लाख. बँकेतल्या अधिकाऱ्यालाही तेवढेच आणि तबलावादकालाही तेवढेच. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे संरक्षण मिळते, ते प्रत्येकाला घ्यायला लावावे. पण एखाददुसरे बोट गेले तर त्यातून काहीच मिळत नाही, आणि भोसरी-चाकणच्या पॉवर प्रेसवर जातात ती बोटेच.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतही अशी यादी होती: अंगठा ३०, तर्जनी १४. पण ती टक्केवारी कमाईची क्षमता किती गेली याची होती. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचे प्रकरण आले. अपघातानंतर त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. हे अंशतः अपंगत्व आहे, असे मालकाचे म्हणणे. न्यायालयाने ते फेटाळले. एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा त्याचे अपंगत्व पूर्णच धरले पाहिजे, असा निकाल दिला. प्रत्येक विमा प्रतिनिधीला हा निकाल तोंडपाठ असावा. मात्र तो त्या कायद्याखालचा आहे. आपल्या ग्राहकाच्या क्लेमला पॉलिसीतला तक्ताच लागू होणार.

म्हणूनच आपले काम पॉलिसी देण्याआधी असते. प्रपोजल फॉर्मवर ‘नोकरी’ एवढे लिहून पुढे जाऊ नये. कोणत्या यंत्रावर, कोणत्या हाताने, काय काम, हे विचारावे. प्रेस ऑपरेटरला ‘सुपरवायझर’ दाखवून प्रीमियम वाचवणारा प्रतिनिधी त्याचा क्लेम अडकवून ठेवत असतो. सुताराला मृत्यूच्या भरपाईचा मोठा आकडा दाखवण्याआधी तर्जनीचा आकडा दाखवावा, तेवढ्यात घर किती महिने चालेल ते त्याच्यासमोर मांडावे आणि मग विमा रक्कम ठरवावी. तात्पुरत्या अपंगत्वाचा साप्ताहिक लाभ बहुधा ऐच्छिक असतो आणि हप्ता कमी करताना तोच आधी गळतो. हात मोडून दोन महिने घरी बसलेल्या रिक्षावाल्याला नेमका त्याचाच आधार असतो. गायक, कीर्तनकार, शिक्षक यांनाही स्पष्ट सांगावे की आजाराने आवाज गेला तर अपघात विमा पैसे देत नाही. त्याने एखादी विक्री हुकेल, हुकू द्यावी.

या महिन्यात नूतनीकरणाला आलेल्या फायलींतून हाताने काम करणाऱ्यांच्या फायली वेगळ्या काढा. फोनवर भागवू नका. प्रत्यक्ष भेटून बोटांच्या ओळी त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.